एक देश, एक कर : डहाणू-तलासरीने हे याआधीही ऐकले आहे

३० जून २०१७ च्या मध्यरात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वस्तू आणि सेवा कराचा सोहळा झाला. राष्ट्रपती आणि पंतप्रधानांनी कळ दाबली आणि 'एक देश, एक कर' लागू झाला. १५ ऑगस्ट १९४७ ची आठवण यावी अशीच सगळी मांडणी होती. नोटाबंदीला तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. पुढच्या काही दिवसांत राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके हटले, मालट्रकांच्या रांगा कमी झाल्या, आणि देश एक बाजारपेठ झाला असे आपल्याला सांगण्यात आले.

महाराष्ट्र-गुजरातच्या सीमेवर, ज्या तलासरीतून हे ट्रक सुसाट जाऊ लागले, तिथल्या माणसाला या एक झालेल्या बाजारपेठेत काय मिळाले, हे मात्र कुणी विचारले नाही. जीएसटीवर आपल्याकडे जी चर्चा झाली ती व्यापाऱ्यांची आणि ग्राहकांची. कशावर किती टक्के, काय स्वस्त, काय महाग. वस्तू हाताने घडवणारा, चार-सहा माणसांत कारखाना चालवणारा, घराच्या पडवीत यंत्र मांडून बसलेला माणूस त्या चर्चेत 'असंघटित क्षेत्र' या एका शब्दात उरकला गेला.

माझे म्हणणे असे आहे की डहाणू-तलासरी पट्ट्यात हे पहिल्यांदा घडलेले नाही. सगळ्यांना सारखा, सोपा, एकच कर, ही भाषा या भागाने १८४४ पासून निदान तीनदा ऐकली आहे. प्रत्येक वेळी कर वसूल करणे सरकारला सोपे झाले, आणि वस्तू घडवणे घडवणाऱ्याला अवघड झाले. ज्याच्या हातात वस्तू होती त्याच्या हातात मजुरी आली. हा इतिहास कराच्या पुस्तकांत तुकड्यातुकड्यांनी आहे, तो एकत्र मांडायला हवा.

बाबासाहेबांपासून सुरुवात करतो, कारण आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून जेवढे आठवतो तेवढे करशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आठवत नाही. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासनावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. त्यात जमीनमहसूल, मीठ, अफू, जकात अशा एकेका कराचा हिशेब आहे. १९२५ साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला आणि त्याला प्रस्तावना होती त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची. सेलिग्मन यांचे नाव ज्या विषयासाठी घेतले जाते तो विषय म्हणजे कराचा भार. कायद्यात ज्याच्या नावावर कर लिहिलेला असतो तोच तो सोसतो असे नाही. तो ढकलत ढकलत शेवटी कुणाच्या डोक्यावर जाऊन बसतो, हे शोधायचे असते. जीएसटीला हाच प्रश्न विचारायचा आहे.

आता १८४४. त्याआधी मुंबई इलाख्यात कारागिरांवर 'मोहतर्फा' नावाचा कर होता. सुतार, लोहार, विणकर, तेली, दुकानदार यांच्या धंद्यावर, कुठे अवजारावर, कुठे मागावर, कुठे घाण्यावर तो बसे. मराठेशाहीतून तो कंपनी सरकारकडे आला होता. शिवाय माल गावातून गावात नेताना जकाती होत्या. त्या १८३८ मध्ये गेल्या. १८४४ च्या १९ व्या कायद्याने शहरजकाती आणि धंद्यांवरचे हे सगळे कर मुंबई इलाख्यात रद्द झाले. पुस्तकांत हे सुधारणा म्हणून नोंदलेले आहे, आणि कारागिराच्या अवजारावरचा कर जाणे ही चांगलीच गोष्ट होती. पण सरकारने तूट भरून कशी काढली? त्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे ८ आण्यांवरून १ रुपया केला. म्हणजे आधी ज्याच्याकडे माग होता तो कर भरत होता, आता ज्याच्या घरी चूल आहे तो भरू लागला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कर १२ आण्यांवर आणावा लागला. सुरत आपल्या डहाणूपासून फार लांब नाही, त्याच किनाऱ्यावर आहे. मीठ या किनाऱ्यावर फक्त जेवणात पडत नाही. बोंबील, मासळी खारवून वाळवून विकणे हा इथला धंदा आहे, म्हणजे मीठ हा इथल्या उत्पादकाचा कच्चा माल आहे. पण जिभेवरच्या मिठाला आणि धंद्याच्या मिठाला कर एकच होता.

पुढच्या पंचवीस वर्षांत तो चढतच गेला आणि १८६९ साली मणाला १ रुपया १३ आणे झाला. मग सरकारला एकसारखेपणाची हौस आली. बंगालमध्ये मिठावर जास्त कर, मुंबई-मद्रासेत कमी, आणि मधल्या मुलखात तस्करी रोखायला शेकडो मैलांचे काटेरी कुंपण. हे सगळे मोडून देशभर दर सारखे करायचे ठरले. १८७७-७८ मध्ये ते सुरू झाले आणि १८८२ साली ब्रह्मदेश वगळता बहुतेक सगळीकडे मणाला २ रुपये हा एकच दर आला. कुंपण गेले, नाके गेले, माल मोकळा फिरू लागला. बंगालचा दर खाली आला. मुंबई-मद्रासचा मात्र आधी १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आण्यांवर गेला आणि मग २ रुपयांवर थांबला. १८८८ मध्ये सगळीकडचाच पुन्हा २ रुपये ८ आणे झाला. एक देश, एक कर, आणि नाक्यावरची रांग बंद. २०१७ ची जाहिरात १८८२ साली तयार होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मीठ हा सगळ्यांचा प्रश्न होता, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला आणि पुढे सत्याग्रहही झाला. या भागाचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. तो होता मोह आणि ताडी.

डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव, म्हणजे ठाणे जिल्ह्याचे उत्तर टोक. किनाऱ्याला ताड आणि शिंदी, आत जंगलात मोह. वारली, धोडी, दुबळा, कोकणा, कातकरी यांच्या घरात मोहाचे फूल वाळवून ठेवलेले असे. उपासमारीच्या महिन्यांत ते अन्न होते, ते विकून किंवा बदलून मीठ-कापड येई, आणि त्याचीच दारू गाळली जाई. लग्नाला, देवाला, मर्तिकाला ती लागे. किनाऱ्यावर भंडारी समाज ताडी काढी. दारूचे समर्थन मी करत नाही. प्रश्न एवढाच आहे की ती गाळत कोण होते आणि नंतर कोण गाळू लागले.

पेशवाईत आणि कंपनीच्या काळात मक्त्याची पद्धत होती. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्या त्याच्या छत्राखाली चालत. शोषण त्यातही होते. १८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड नावाचे अधिकारी या धोरणाचे प्रमुख. त्यांचे तत्त्व साधे होते : गावोगाव विखुरलेल्या भट्ट्यांवर नजर ठेवणे सरकारला परवडत नाही, म्हणून गाळप एका जागी आणा. दारू मध्यवर्ती गुत्त्यात गाळली जाईल, गॅलनवर कर बसेल, आणि गाळण्याचा ठेका त्याला मिळेल जो सरकारला मोठ्या रकमेची हमी देईल. ठाणे-कुलाब्यासाठी मोहाची दारू उरणच्या गुत्त्यांत गाळली जाऊ लागली. ताडी काढायला झाडागणिक कर आणि परवाना. स्वतःच्या परसातल्या झाडाची, स्वतःच्या घरात प्यायची ताडीही परवान्याखाली आली.

या कायद्यात कुठेही असे लिहिलेले नव्हते की आदिवासीने दारू गाळू नये आणि पैसेवाल्याने गाळावी. कायदा सगळ्यांना सारखा होता. हमीची रक्कम भरा, हिशेब ठेवा, तपासणीला तयार राहा, परवाना घ्या. फक्त या अटी पुऱ्या करू शकेल असा माणूस डहाणूच्या पाड्यावर राहत नव्हता. जातिव्यवस्थेने ज्याला अक्षरापासून आणि भांडवलापासून लांब ठेवले, त्याच्यासमोर वही आणि हमी यांची अट ठेवायची आणि मग म्हणायचे, दार सगळ्यांना उघडे आहे. ही युक्ती आपल्याला चांगली ओळखीची आहे.

तरीही लोक गाळत राहिले, कारण मोहाचे फूल अंगणात पडत होते. म्हणून १८९२ साली मुंबई सरकारने तिसरा कायदा केला, मोहाचाच. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाचे फूल बाळगणे आणि विकणे यांवरच निर्बंध आले. कराच्या वसुलीसाठी कच्चा मालच बंदिस्त केला. दुष्काळात जे फूल शिजवून खाल्ले जायचे त्यासाठी घरात पोलीस शिरू लागले. आणि ज्याला पिण्याची सवय होती तो आता ठेकेदाराच्या दुकानात उधारीवर पिऊ लागला. ठेकेदाराची वही, सावकाराची वही आणि जमीनदाराची वही पुष्कळदा एकाच माणसाची असे. उधारीपोटी जमीन गेली, जमिनीपाठोपाठ वेठ आली. १९३९ चा सायमिंग्टन अहवाल या भागातल्या वेठबिगारीची आणि लग्नगडी पद्धतीची नोंद करतो : लग्नासाठी घेतलेल्या कर्जात नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे गुलाम. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यात झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याची शपथ घेतली गेली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. हे आपण आदराने सांगतो, सांगायलाच हवे. पण झरीच्या आधीच्या साखळीत अबकारीची कडी आहे, हे सहसा सांगितले जात नाही. लाल बावट्याने जमीन आणि वेठ पाहिली, घडवणाऱ्याच्या हातून गेलेले घडवणे फारसे पाहिले नाही. आणि आपल्या निळ्या झेंड्याने या भागातल्या आदिवासींकडे कितीदा पाहिले, हेही विचारून घ्यावे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. मोहाचे फूल त्यातही बंदिस्तच राहिले. कर होता तेव्हा ठेकेदार होता, बंदी आली तेव्हा पोलीस. बाबासाहेबांचा दारूबंदीला विरोध होता आणि त्याचे एक कारण सरकारी तिजोरीचा हिशेब हेच होते. महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध सैल व्हायला २०२१ साल उजाडले. १८९२ ते २०२१ हा काळ मोजून पाहा.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी एक मुद्दा मांडला होता. प्राप्तिकराला किमान मर्यादा असते, तिच्याखाली उत्पन्न असेल तर कर नाही. जमीनमहसुलाला ती नाही. पीक आले काय नि बुडाले काय, एक एकरवालाही भरतो आणि जहागीरदारही भरतो. म्हणजे कर किती टक्के यापेक्षा तो कुठून सुरू होतो, आणि ज्याला भरण्याची ताकद नाही त्याला तो वगळतो का, हा खरा प्रश्न. या कसोटीवर स्वतंत्र भारताने एक बरी गोष्ट केली होती. लघुउद्योगांना केंद्रीय उत्पादन शुल्कातून सूट दिली होती. ही मर्यादा वाढत वाढत १ एप्रिल २००७ पासून वर्षाला दीड कोटी रुपयांच्या मालापर्यंत आली होती. त्याखेरीज १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. एकेकाळी ही यादी ८०० च्या पुढे गेली होती. शेवटच्या २० वस्तूंचे आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये संपवले गेले. आरक्षण या शब्दावर गावभर आग पाखडणाऱ्यांना हे आरक्षण गेल्याचे कळलेही नाही. मग दोन वर्षांनी उत्पादन शुल्कच जीएसटीत विलीन झाले आणि दीड कोटीची सूटही गेली. जीएसटी सुरू झाला तेव्हा नोंदणीची मर्यादा होती २० लाख.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. राज्याच्या व्हॅटची मर्यादा या २० लाखांच्याही खूप खाली होती, मग गरीब उत्पादकाचे बिघडले काय? शिवाय १ एप्रिल २०१९ पासून मालासाठी मर्यादा ४० लाख केली गेली. छोट्यांसाठी कंपोझिशन म्हणजे एकरकमी योजना आहे; तिची मर्यादा ७५ लाखांवरून १ कोटी आणि २०१९ पासून दीड कोटी झाली, उत्पादकाचा दर २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. मग तक्रार कसली?

तक्रार समजायला डहाणूकडे नीट पाहावे लागेल. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला आणि उद्योगांना एकूण ५०० एकरांची मर्यादा पडली. मोठे कारखाने तालुक्याबाहेर, वापी, उंबरगाव, सिल्वासा, तारापूरला. तालुक्यात जे उत्पादन आहे ते छोटे. रबराचे फुगे बनवणारे छोटे कारखाने आहेत. वाढवण बंदराच्या लढ्यामुळे ज्या गावांची नावे आता सगळ्यांना ठाऊक झाली त्या वाढवण, वरोर, चिंचणीच्या पट्ट्यात घराघरांत डायमेकिंग आहे, म्हणजे दागिन्यांची नक्षी ज्यावर उठते ते साचे कोरण्याचे काम. आत गंजाडसारख्या गावांत वारली चित्रे आहेत, पाड्यांवर बांबूचे काम आहे.

आता एक साधे गणित. समजा एका कारागिराने १०० रुपयांचे पोलाद घेतले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८ गेले. त्याने ४० रुपयांची मेहनत घातली. नोंदणी असलेला मोठा कारखानदार भरलेले १८ रुपये सरकारकडून वळते करून घेतो, १४० वर १८ टक्के लावून १६५ रुपये २० पैशांना व्यापाऱ्याला विकतो. व्यापारी त्यातले २५ रुपये २० पैसे पुढे वळते करतो. व्यापाऱ्याला वस्तू पडली १४० ला. नोंदणी नसलेला आपला कारागीर १८ रुपये परत मिळवू शकत नाही. तो १५८ ला विकतो आणि व्यापाऱ्याला ती १५८ लाच पडते. एकरकमी योजनेतला माणूस कर वेगळा दाखवू शकत नाही, त्याची वस्तू साधारण १५९ रुपये ६० पैशांना. म्हणजे कायद्याने ज्याला 'सूट' दिली त्याचा माल १८ रुपयांनी महाग ठरला. आधीच्या पद्धतीत मोठ्या कारखान्याच्या मालावर साडेबारा टक्के अबकारी बसे आणि विकणाऱ्या व्यापाऱ्याला ती वळती करता येत नसे. तो फरक म्हणजे छोट्याला मिळालेली श्वास घेण्याची जागा होती. जीएसटीने बुजवली ती हीच जागा.

हाच कारागीर आठवडी बाजारात थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर तो अजूनही १५८ ला विकू शकतो, मोठ्याचा माल १६५ ला पडतो. म्हणजे बाजारात बसून हाताने विकणाऱ्याला कर मारत नाही. तो मारतो जेव्हा हा माणूस पुढे जाऊ पाहतो, व्यापाऱ्याला, शहराला, कारखान्याला माल देऊ पाहतो तेव्हा. बाजारात टोपली घेऊन बसलात तर बसा, त्याच्यावर उठू नका. गावगाड्यात कारागिराची जागा नेमकी अशीच ठरवलेली होती.

म्हणून माणूस मर्यादेखाली असूनही नोंदणी घेतो, कारण समोरचा व्यापारी जीएसटी नंबर मागतो. नंबर आला की विवरणपत्रे आली, चार्टर्ड अकाउंटंट किंवा कर सल्लागाराची फी आली, नेटवर्क शोधत फिरणे आले. सुरुवातीला उशिराचा दंड दिवसाला २०० रुपये होता, ओरड झाल्यावर तो ५० वर आणला. कर भरायचा बिल काढल्याच्या पुढच्या महिन्यात, मग गिऱ्हाइकाने पैसे तीन महिन्यांनी दिले तरी. म्हणजे छोटा माणूस सरकारला आणि मोठ्या गिऱ्हाइकाला एकाच वेळी उसने देतो. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने बिल संगणकावर चढवले नसेल तर घेणाऱ्याला वळतावळत मिळत नाही. मग घेणारा म्हणतो, कशाला ही कटकट, मोठ्याकडूनच घेऊ.

डायमेकिंगवाल्याचे आणखी एक कोडे. त्याने स्वतःच्या पोलादाचा साचा करून विकला तर तो माल, मर्यादा ४० लाख. सराफाने धातू दिला आणि याने फक्त कोरून दिला तर ती सेवा, मर्यादा २० लाखच. हात तोच, छिन्नी तीच. आणि ज्या सोन्यावर ती नक्षी उठते त्या सोन्यावर कर ३ टक्के, साच्याच्या पोलादावर १८. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पे कमी झाले, बऱ्याच वस्तू ५ टक्क्यांत आल्या, हे चांगले झाले. पण पोलाद १८ वरच आहे आणि हिशेबाचे ओझे दराबरोबर कमी होत नाही.

तलासरीची गोष्ट याहून विचित्र आहे. ३० एप्रिल १९६० पर्यंत तलासरी आणि उंबरगाव एकाच तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात होते. १ मे ला राज्ये झाली, उंबरगाव आणि आजूबाजूची गावे गुजरातला गेली, उरलेली गावे तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिली. नाती, बाजार, रोजगार यांना ही रेघ कधी समजली नाही. तलासरीच्या माणसाला मुंबई लांब, उंबरगाव-वापी जवळ. जीएसटीत नियम असा, की राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी पहिल्या रुपयापासून. ४० लाखांची सूट नाही. एकरकमी योजनेत असाल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यातून २० लाखांपर्यंत मोकळीक दिली गेली, ती यादीत बसणाऱ्यांपुरती. म्हणजे भिवंडीच्या गोदामातून निघालेला मोठ्या कंपनीचा ट्रक तलासरीत न थांबता गुजरातेत जाईल आणि तलासरीत चार माणसांत वस्तू बनवणाऱ्याला शेजारच्या बाजारात जायला नंबर लागेल. एक बाजारपेठ झाली ती ट्रकवाल्याची. तलासरीच्या माणसाने त्या बाजारात जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे सकाळी वापीच्या कारखान्यात कामाला जाणे. त्याला नोंदणी लागत नाही.

हे सगळे ठरवते कोण? घटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने २७९-अ कलमाखाली जीएसटी परिषद आली. तिच्यात मतांचे एक तृतीयांश वजन केंद्राचे, दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचे मिळून, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राच्या मर्जीविरुद्ध काही होऊ शकत नाही. ग्रामपंचायत, ग्रामसभा, आदिवासी सल्लागार परिषद यांना तिथे जागा नाही. १८३३ च्या सनदी कायद्याने वित्ताचे सगळे अधिकार कलकत्त्यात एकवटले आणि ती व्यवस्था कशी मोडकळीला आली, हा बाबासाहेबांच्या १९२५ च्या ग्रंथाचा आरंभ आहे. दारू मात्र जीएसटीच्या बाहेर ठेवली गेली, राज्यांनी तो पैसा सोडला नाही. मोहावरचा अबकारीचा हात १८७८ पासून अजून सुटलेला नाही, हेही लक्षात घ्या.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आहेत. त्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात राज्यपालांना अधिकार आहे : संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू होणार नाही, किंवा फेरफारांसह लागू होईल, अशी अधिसूचना ते काढू शकतात. मूलभूत हक्कांना या अधिकाराने धक्का लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. ती मर्यादा मान्य. पण चार माणसांच्या कारखान्याला राज्याबाहेर माल विकताना ४० लाखांची सूट देणे, किंवा नोंदणी नसलेल्या आदिवासी उत्पादकाच्या कच्च्या मालावरचा कर परत करणे, यात कुणाचा मूलभूत हक्क बुडतो? महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०१४ मध्ये याच परिच्छेदाखाली तलाठी, ग्रामसेवक यांसारख्या पदांच्या भरतीबाबत अधिसूचना काढली होती. म्हणजे हा अधिकार पुस्तकातच पडून आहे असे नाही. कराच्या बाबतीत तो वापरा, अशी मागणी डहाणू-तलासरीच्या ग्रामसभांनी ठराव करून करता येईल. पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिलेली आहे. त्या वनोपजापासून वस्तू बनवून विकणाऱ्याचा प्रश्नही त्याच ठरावात यायला हवा. ठरावाचा मसुदा करताना वरचे १५८ आणि १४० चे गणित त्यात घाला. अधिकाऱ्यांना भाषण ऐकून घ्यायची सवय असते, आकड्यांना उत्तर द्यावे लागते.

जय भीम.